वापरनाव : खात्याचे दुसरे दार

भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. तथापि त्या काळातील एक सोय येथे स्मरण्याजोगी आहे. व्यापारी पेढ्या तारघरात शुल्क भरून एखादा छोटासा शब्द आपल्या नावे नोंदवीत. तार करणाराने तो शब्द आणि गावाचे नाव लिहिले की पुरे. पेढी कोणत्या रस्त्यावर आहे, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसे. शब्द व ठिकाण यांची सांगड तारघराच्या नोंदवहीत असे.

संदेशवहनाच्या सेवांतील वापरनाव हा याच कल्पनेचा नवा अवतार होय. १९९६ साली निघालेली आयसीक्यू ही सेवा प्रत्येक ग्राहकास स्वतःचा एक अंक देई. पुढच्याच वर्षी आलेल्या एआयएममध्ये ग्राहक नाव निवडीत असे. या दोन्ही सेवा आता राहिल्या नाहीत. त्यांच्यामागून आलेल्या अनेक सेवांनी मोबाइलचा क्रमांक हाच पत्ता मानला. हे सोपे खरे, परंतु महाग पडणारे आहे. घरी शिकवणी घेणाऱ्या एखाद्या शिक्षिकेने आपला क्रमांक अपरिचित पालकांना दिला, की तो पुढे कोणाकोणाच्या हाती जाईल हे तिच्या अधीन राहत नाही. आणि तो बदलावयाचा, तर बँकेपासून गॅसच्या नोंदणीपर्यंत सर्वत्र धावाधाव आली.

सिग्नल या सेवेने २०२४ च्या फेब्रुवारीत या अडचणीवर उपाय योजला. खाते उघडण्यास क्रमांक अद्यापि लागतोच. मात्र ओळख करून देण्यासाठी वापरनाव पुरते. सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या नावावर बोट टेकविले असता वापरनावाची जागा सापडते. तेथे रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा यांनी बनलेले नाव लिहावयाचे. शेवटी किमान दोन अंक असावे लागतात. ते अॅप आपण होऊन सुचविते. हे नाव म्हणजे संभाषणात दिसणारे नाव नव्हे. ज्याला ते अंकांसह अचूक ठाऊक आहे त्यालाच त्यावरून संदेश पाठविता येतो, कारण नावे चाळून पाहण्याची कोणतीही सूची येथे नाही.

सिग्नलच्या नोंदवहीत तर हे नाव उघड लिहिलेलेही नसते. तेथे त्याचा 'हॅश', म्हणजे गणिती क्रियेने बनविलेला अंकसमूह, ठेवलेला असतो. त्याच नावातून प्रत्येक वेळी तोच अंकसमूह निघतो; पिठापासून पुन्हा दाणा करता येत नाही, त्याप्रमाणे अंकसमूहावरून नाव उलगडत नाही. एक उणीव राहते. सहज सुचणारे नाव असेल, तर एकामागून एक नावे दळून पाहून जुळणी करता येईल. स्वतःचे नाव व जन्मसाल जोडून वापरनाव करणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे.

येथवर येऊन बहुतेक जण थांबतात, आणि फसतात. वापरनाव घेतल्याने दुसरे दार उघडते, पहिले आपोआप बंद होत नाही. गोपनीयतेच्या विभागात क्रमांकासंबंधी दोन वेगळे प्रश्न आहेत : क्रमांक कोणास दिसावा, आणि क्रमांकावरून आपणास कोणी शोधू शकावे. पहिल्याचे उत्तर मुळातच 'कोणासही नाही' असे असते. दुसऱ्याचे 'सर्वांस' असे असते व ते स्वहस्ते बदलावे लागते. इतके करूनही ज्यांच्या फोनमध्ये आपला क्रमांक पूर्वीच साठविलेला आहे, त्यांना तो दिसत राहणारच.

वापरनाव पुढे केव्हाही बदलता किंवा काढून टाकता येते. शिक्षिकेने वर्ष संपताच नवे घेतले, तर जुन्या नावाने तिला नव्याने कोणी गाठू शकत नाही. चालू असलेली संभाषणे मात्र तुटत नाहीत. त्यांपैकी एखादे नकोसे झाले असेल, तर त्या व्यक्तीस वेगळे अवरुद्ध करावे लागते.