लाकडाला रोगण कधी लावावे?

सुताराने नवे दार घडवले. आपण दुकानातून रोगणाचा डबा आणला. ऊन आहे, लवकर वाळेल, असे म्हणून दार भर दुपारी अंगणात आडवे टाकले आणि रोगण लावले. थोड्या वेळाने पाहावे तो दारावर बारीक बारीक फोड!

हे कशाने झाले? लाकूड दिसायला भरीव. पण त्याच्या आत केसासारख्या बारीक नळ्या असतात. लाकूड वाळले म्हणजे त्यांत हवा भरते. उन्हाने लाकूड तापले की ही हवा फुगते, बाहेर येऊ पाहते आणि ओल्या रोगणाला फोड आणते. शिवाय उन्हात रोगणावर साय लगेच धरते. खालचा थर मात्र ओलाच राहतो.

म्हणून लाकूड सावलीत घ्यावे. पालथा हात लावून पाहावा. गार लागले तरच कुंचला उचलावा. उन्हाळ्यात दिवस कलताना लावलेले बरे. तेव्हा लाकूड निवू लागते, आतली हवा आकसते आणि रोगण आत ओढले जाते. थंडीत मात्र संध्याकाळ नको. गारठ्यात रोगण वाळत नाही, रात्री दव पडते आणि चकाकी जाते. थंडीत सकाळी १० ते दुपारी २ ही वेळ आम्हाला चांगली वाटते.

गारठ्यात रोगण घट्ट होते. मग काही जण डबा चुलीवर ठेवतात. असे कधीही करू नका! त्याची वाफ पेट घेते आणि माणूस भाजतो. कढत पाणी भांड्यात घ्या, ते चुलीपासून लांब न्या, डब्याचे झाकण सैल करा आणि डबा त्या पाण्यात ठेवा.

पावसाळ्यात लाखेचे पॉलिश पांढरे पडते. त्यातले स्पिरिट भराभर उडते. मडके पाझरून पाणी गार होते ना, तसाच लाखेचा थर गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. कोकणातल्या सुताराला हे सांगायला नको.

आता जवसाच्या तेलाचे. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते. तसे होताना त्यातून ऊब निघते. फडके पसरलेले असले तर ती उडून जाते. पण तेलकट फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर ऊब आत कोंडते, वाढत जाते आणि काडी न लावता फडकी पेटू शकतात. शेजारी कडब्याची गंजी असली तर विचारूच नका! काम संपले की फडकी पाण्यात बुडवा, नाही तर घराबाहेर एकेक सुटी करून वाळत घाला.