कुत्रा कोणाचा?

मध्यप्रदेशात नर्मदेच्या काठी होशंगाबाद नावाचे एक जुने शहर आहे. आता त्याचे नाव नर्मदापुरम् असे झाले आहे. २०२० सालच्या नोव्हेंबर महिन्यात या शहरातील पोलिसांपुढे एक विलक्षण तंटा आला. तंट्याचे कारण शेत नव्हते, घर नव्हते की सोनेनाणेही नव्हते. ते होते लॅब्रेडॉर जातीचे, काळ्या कुळकुळीत रंगाचे, सुमारे तीन वर्षांचे एक कुत्रे! दोन गृहस्थ त्याच्यावर हक्क सांगत होते. हा आपला हरवलेला कोको आहे, असे एकाचे म्हणणे होते. हा आपण विकत घेतलेला टायगर आहे, असे दुसऱ्याचे म्हणणे होते. एकाच कुत्र्याला दोन नावे, दोन घरे आणि दोन धनी!

अशा वेळी कोणालाही एक सोपी युक्ती सुचेल. दोघांनी दोन बाजूंना उभे राहून हाक मारावी. कुत्रा ज्याच्याकडे धावत जाईल, तो त्याचा धनी. परंतु या कुत्र्याने सर्वांनाच पेचात टाकले. तो दोघांनाही ओळखत होता आणि दोघांशीही सलगीने वागत होता.

यात नवल मानण्याचे कारण नाही. जो आपल्याला खाऊपिऊ घालतो, मायेने जवळ घेतो, त्याला कुत्रा जीव लावतो. हरवलेला कुत्रा काही महिने दुसऱ्या घरी राहिला, तर तेथील माणसेही त्याची होतात. म्हणून पूर्वीच्या धन्याला तो विसरतोच असे नाही. मालकी, खरेदी, पावती या गोष्टी माणसांच्या. कुत्र्याला त्या ठाऊक नसतात. म्हणून त्याचे प्रेम कितीही खरे असले, तरी केवळ त्यावरून मालकी ठरविता येत नाही.

मग मालकी ठरते कशी? घरातील माणसे कुत्र्याला कुटुंबातील एक समजतात. परंतु कायदा पाळीव प्राण्याची गणना जंगम मालमत्तेत करतो. त्यामुळे गाय, सायकल किंवा घड्याळ यांच्या मालकीविषयी जे नियम, तेच बव्हंशी कुत्र्यालाही लागू होतात. त्यांतील तीन नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला नियम ताब्याचा. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे, तो तिचा मालक नाही असे जो म्हणतो, त्यानेच ते सिद्ध केले पाहिजे. हे तत्त्व १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ सालच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. हा नियम नसता, तर कोणीही कोणाच्याही दारी जाऊन कोणत्याही वस्तूवर बोट ठेवले असते.

दुसरा नियम विक्रीचा. जे आपले नाही ते दुसऱ्याला विकता येत नाही. १९३० सालच्या माल विक्री कायद्याने काही मोजके अपवाद सोडून हेच सांगितले आहे. समजा, कोणी एखाद्याचा हरवलेला कुत्रा धरून बाजारात विकला. घेणाऱ्याने पूर्ण मोल दिले, त्याच्या मनात काही कपटही नव्हते. तरी तेवढ्याने मालकी त्याच्याकडे जात नाही. त्याने आपले पैसे विकणाऱ्याकडून मागावेत; कुत्रा मात्र मूळ धन्याचाच राहतो.

तिसरा नियम सापडलेल्या वस्तूचा. सापडलेली वस्तू ती उचलणाऱ्याच्या मालकीची होत नाही. १८७२ सालच्या करार कायद्यानुसार दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी विश्वासाने ठेव सांभाळणाऱ्यासारखी असते. म्हणजे गळपट्टा घातलेला एखादा कुत्रा भटकत दारी आला, तर त्याला आश्रय द्यावा, त्याची काळजी घ्यावी आणि धन्याचा शोध करावा. त्याला नवे नाव ठेवून गप्प बसणे योग्य नव्हे.

हे नियम सरळ आहेत; अडचण येते ती पुराव्याची. शेताला सातबाराचा उतारा असतो, मोटारीला क्रमांक असतो; कुत्र्याला काय असते? विकत घेतल्याची पावती, पशुवैद्याने रेबीजची लस टोचल्याची नोंद, जुनी छायाचित्रे, शेजाऱ्यांची साक्ष या गोष्टी येथे उपयोगी पडतात. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत महानगरपालिका कुत्रा पाळण्याचा परवाना देते. आता तांदळाच्या दाण्याएवढी एक चीप कुत्र्याच्या कातडीखाली बसविता येते. यंत्र जवळ नेले की तिच्यातील पंधरा अंकी क्रमांक वाचता येतो. अर्थात परवान्यावरून किंवा चीपवरून कुत्रा कोणाच्या नावावर नोंदला आहे एवढेच कळते. मालकीचा तो एक पुरावा होय, एकमेव नव्हे.

होशंगाबादच्या तंट्यात पुराव्याचे काम अखेर विज्ञानाने केले. कुत्रा हरवल्याचे सांगणाऱ्या गृहस्थाचे म्हणणे असे होते, की आपण २०१७ साली सातपुड्यातील पचमढी येथून त्याचे पिल्लू आणले. दुसऱ्या गृहस्थाने त्याला वेगळ्या ठिकाणाहून आणल्याचे सांगितले. दोघांचीही विधाने खरी असणे शक्य नव्हते. तेव्हा कुत्र्याची डीएनए तपासणी करण्याचे ठरले. प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए नावाचे द्रव्य असते आणि त्यात वंशपरंपरेने येणारे गुण साठविलेले असतात. पिल्लाला त्याचा निम्मा वाटा आईकडून व निम्मा बापाकडून मिळतो. म्हणून दोन प्राण्यांचे डीएनए ताडून पाहिले असता त्यांचे नाते ओळखता येते. कुत्र्याचा नमुना हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठविण्यात आला आणि पचमढीच्या कुत्र्याच्या नमुन्याशी तो ताडून पाहण्यात आला. दोन्ही जुळले. २०२१ सालच्या प्रारंभी तो कुत्रा पहिल्या गृहस्थाच्या स्वाधीन करण्यात आला.

येथे थोडा विचार करावयास हवा. डीएनएवरून कुत्र्याचे आईबाप कळतात, त्याचा मालक कळत नाही. एकाच वेळी जन्मलेल्या पिल्लांचे आईबाप बहुधा तेच असतात. यास्तव पिल्लू कोठून आणले, कोणी आणले, केव्हा आणले, हे दाखविणारा दुवाही हवा असतो. पुरावा म्हणजे साखळी होय. एका कडीवर ती पूर्ण होत नाही. तसेच जो हरला तो खोटेच बोलत होता, असेही अशा तपासणीवरून ठरत नाही. त्याची स्वतःची फसवणूक झालेली असू शकते.

पोलिसांना चोरीचा तपास करता येतो. परंतु मालकीचा अखेरचा निर्णय देण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा असतो. न्यायालयाच्या निकालास पुष्कळदा वर्षे लागतात. कुत्र्याचे आयुष्य मात्र दहाबारा वर्षांचे! दावा चार वर्षे चालला, तर कुत्र्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा त्यातच निघून जातो. जिंकणाऱ्याच्या हाती कागद येतो. पण ज्याच्यासाठी भांडण झाले, तो तोवर म्हातारा झालेला असतो. म्हणून शक्य तेथे दोन्ही पक्षांनी कागदपत्रे समोर ठेवावीत, एखाद्या समंजस माणसाला मध्यस्थ करावे आणि आपसांत निकाल लावावा, हेच शहाणपणाचे.

मालकीचा हा प्रश्न सुटेपर्यंत त्या मुक्या जिवाचे काय? त्याला भूक लागते, तहान लागते, आजार होतो. याबाबतीत कायद्याने मोठी दूरदृष्टी दाखविली आहे. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्यात ‘मालक’ या शब्दाचा अर्थ मुद्दाम विस्तृत केला आहे. प्राणी ज्याच्या मालकीचा आहे तो तर मालक होयच. पण त्या वेळी ज्याच्या ताब्यात तो आहे, त्यालाही हा कायदा मालकच समजतो. प्राण्याच्या सुखरूपतेसाठी योग्य ते सर्व करणे आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देणे, हे त्याला सांभाळणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. दावा जिंकेपर्यंत त्याला ते पुढे ढकलता येत नाही. सर्व सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे तर आपल्या राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

हक्क आणि कर्तव्य यांतील भेद येथे स्पष्ट होतो. ‘हा कुत्रा माझा’ असे म्हणावयाचे, तर पावती दाखवावी लागते, साक्षीदार आणावे लागतात, प्रसंगी प्रयोगशाळेचीही पायरी चढावी लागते. परंतु त्याच्यापुढे पाण्याचे भांडे ठेवावयाचे, तर कोणताही पुरावा लागत नाही. हक्क सिद्ध करावा लागतो. कर्तव्य केवळ करावयाचे असते.

स्वाध्याय

१. कुत्र्याच्या प्रेमावरून त्याची मालकी का ठरविता येत नाही?
२. चोरीची वस्तू पूर्ण मोल देऊन घेणाऱ्याची मालकी होते काय? सकारण सांगा.
३. ‘पुरावा म्हणजे साखळी होय’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. हरवलेला पाळीव प्राणी तुमच्या दारी आला, तर तुम्ही काय काय कराल, ते क्रमाने लिहा.