उन्हाळी आणि जंतूंचे केस

‘उन्हाळी लागली’ ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. लघवीला जळजळ होते, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते, ओटीपोटात दुखते. नावामुळे पुष्कळांना हा निव्वळ उष्णतेचा विकार वाटतो. अंगातले पाणी कमी होऊन लघवी दाट झाली, तर थोडी जळजळ होते हे खरे. पण पाणी पिऊनही त्रास थांबत नसेल, तर बहुधा मूत्राशयात जंतू शिरलेले असतात. दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांत हा जंतू एकच असतो : ई. कोलाय. एरवी तो आपल्या आतड्यात गुपचूप नांदतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा असल्याने त्याला तेथून वर चढणे सोपे जाते.

आता प्रश्न असा की, मूत्राशय दिवसातून पाच-सात वेळा रिकामे होते. मग हे जंतू लघवीबरोबर वाहून का जात नाहीत? याचे उत्तर त्यांच्या अंगावरील केसांत आहे.

ई. कोलायच्या अंगावर असे शेकडो बारीक केस असू शकतात. त्यांना शास्त्रीय भाषेत पिलाय म्हणतात. एका केसाला पिलस. एक पिलस साधारण १ ते २ मायक्रॉन लांब, म्हणजे जवळजवळ जंतूच्याच लांबीचा असतो. जाडी इतकी कमी की, एका मिलिमीटरच्या जागेत सुमारे १ लाख ४० हजार पिलाय शेजारी शेजारी मावतील. हा केस आपल्या केसासारखा सलग नसतो. एकाच प्रकारच्या प्रथिनाचे हजारभर किंवा त्याहूनही जास्त मणी स्प्रिंगसारखे वळत एकावर एक बसून तो तयार होतो.

हे मणी एकमेकांना जोडतात कसे, याचा उलगडा १९९९ साली झाला. प्रत्येक मणी म्हणजे पट्ट्यांची विणलेली एक चटई समजा. या चटईत एक पट्टी मुळातच कमी असते आणि तेथे खाच राहते. शेजारच्या मण्याला एक लांब शेपटी असते. ती बरोबर त्या खाचेत जाऊन बसते. अशा रीतीने प्रत्येक जण शेजाऱ्याची उणीव भरून काढतो आणि साखळी तयार होते. गोंद नाही, गाठ नाही. तरी ही साखळी सहजासहजी तुटत नाही. ताण पडला की स्प्रिंग उलगडून लांब होते, ताण गेला की पुन्हा गुंडाळते. त्यामुळे लघवीचा झोत आला तरी धक्का केसातच जिरतो.

केसाच्या टोकाला मात्र वेगळे प्रथिन असते. त्याचे नाव फिम-एच. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर मॅनोज नावाची साखर असते. फिम-एच तिला धरते. २००२ साली या पकडीविषयी एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. प्रवाहाचा जोर वाढला की ती सुटण्याऐवजी घट्ट होते. विहिरीतून पाणी काढताना घागरीच्या गळ्याला फास लावतात. दोर ओढावा तसा फास आवळतो आणि घागर टेकली की सैल पडतो. तसाच हा प्रकार.

मग वाचकहो, पाणी पिऊन उपयोग काय, असे तुम्ही म्हणाल. उपयोग आहे, आणि तो निसर्गाच्या एका युक्तीमुळे आहे. आपले मूत्रपिंड लघवीत एक धाग्यासारखे प्रथिन सोडत असते. टॅम आणि हॉर्सफॉल या शास्त्रज्ञांच्या नावाने ते ओळखले जाते. या धाग्यावरही मॅनोज असते. जंतू फसून अस्तराऐवजी धाग्यालाच पकडतात आणि त्यांचे पुंजके होतात. २०२० साली झुरिचच्या शास्त्रज्ञांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. पण गळाला लागलेला जंतू बाहेर पडायचा तर लघवी व्हायला हवी! ती तासन्‌तास तुंबवून ठेवली, तर जंतूंना वाढायला आणि अस्तर गाठायला आयतीच सवड मिळते.

दिवसाला दीड लिटरहून कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार हा त्रास होणाऱ्या १४० स्त्रियांवरील एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवले, त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. औषधाशिवाय जवळपास निम्मा फरक पडला.

म्हणूनच बाहेर स्वच्छ सोय नाही म्हणून पाणीच न पिण्याची सवय महागात पडते. स्वारगेटहून लांबच्या एस.टी.ने निघणाऱ्या, मंडईत दिवसभर बसणाऱ्या, पालखीबरोबर चालणाऱ्या आणि शाळेत जाणाऱ्या कितीतरी जणी असे करतात. घरच्यांनी, शाळांनी आणि नगरपालिकांनीही हा प्रश्न लाजेचा न मानता आरोग्याचा मानावा.

मॅनोजची पूड घेऊन जंतूंना बाहेरून फसवता येईल, अशी कल्पना निघाली होती. परंतु ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांवर घेतलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा विशेष फायदा दिसला नाही. तेव्हा त्यावर पैसे घालवू नयेत.

जळजळ सुरू झाल्यास लघवीची तपासणी करून घ्यावी आणि गरज असेल तर कल्चर. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. जंतूंजवळ आणखी एका जातीचे पिलाय असतात. त्यांच्या साहाय्याने एक जंतू दुसऱ्याला जोडला जातो आणि औषधाला न जुमानण्याचा गुण त्याच्या हवाली करतो. प्रतिजैविकांचा जितका अकारण वापर, तितके असे जंतू माजतात. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध घ्यावे.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीत रक्त दिसले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यावी व त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गरोदर स्त्रिया, मधुमेही, पुरुष आणि लहान मुले यांनी साध्या जळजळीकडेही दुर्लक्ष करू नये. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी विचारल्याशिवाय ते वाढवू नये. बाकीच्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, लघवी रोखू नये, आणि मुलींना शौचानंतर पुढून मागे धुण्याची सवय लहानपणीच लावावी.