कॅनडाच्या साहेबाला तुझ्या नोकरीची शंका येते तेव्हा

अगं, आधी शांत हो. पत्र आलं म्हणजे अर्ज बुडाला असं नाही. पण ‘काही होत नाही गं, एक नवीन लेटर लावून टाक’ असं जे तुला कुणी सांगतंय, तेही ऐकू नकोस. दोन्हीच्या मधलं काय ते सांगते. रडून झालं असेल तर कागद-पेन घेऊन बस.

तुला आलंय ते ‘प्रोसीजरल फेअरनेस लेटर’. इथले लोक पीएफएल म्हणतात. निर्णय देण्याआधी तुझी बाजू ऐकून घ्यायची म्हणून ते पाठवतात. आता एक बारकावा लक्षात घे. कागद नुसते अपुरे असते, तर ऑफिसरवर तुला विचारायचं बंधन नव्हतं. सरळ नाकारून मोकळा झाला असता. इथल्या फेडरल कोर्टानं 2006 च्या हसनी खटल्यात हे स्पष्ट केलंय: नियमात बसेल इतका पुरावा आणणं हे अर्जदाराचं काम, पण दिलेल्या माहितीच्या खरेपणावरच शंका असेल तर ती अर्जदाराला सांगून उत्तराची संधी द्यायला हवी. म्हणजे तुझ्या बाबतीत ऑफिसर ‘कागद कमी पडले’ असं म्हणत नाहीये, तुझ्या कागदांवर त्याचा विश्वास बसलेला नाही. राग येणं साहजिक आहे. तीन वर्षं राबलीस तू तिथे. पण राग उत्तरात उतरला तर तुझंच नुकसान.

पत्र पुन्हा वाच आणि कलम 40 चा उल्लेख आहे का बघ. इमिग्रेशन कायद्याचं कलम 40(1)(a) म्हणजे खोटी माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती दडवणं. ते लागलं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद, आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. तुझा नवरा आणि पिल्लू त्याच अर्जात आहेत, तेव्हा त्यांचंही अडतं. पत्रात 40 असेल तर माझ्या सल्ल्यावर विसंबू नकोस, वकील गाठ. पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार कलम 91 प्रमाणे इथल्या वकिलांना, क्यूबेकच्या नोटरींना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सकडे नोंद असलेल्या सल्लागारांना आहे. त्या कॉलेजची यादी ऑनलाइन आहे, नाव टाकून तपास. चौकातल्या ‘व्हिसा गॅरंटी’ बोर्डवाल्याचं नाव तिथे सापडलं तर मला कळव, मी पेढे वाटेन.

तू पाठवलेल्या फोटोत मला 40 दिसलं नाही. त्यात फक्त ‘बारा-दोन-शून्य-शून्यचा अनुभव खरा असल्याची खात्री पटत नाही’ असं म्हणून त्याची कारणं दिली आहेत. ठीक. मग त्या माणसाच्या खुर्चीत बसून बघू.

त्याला भोसरी माहीत नाही. सात-आठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये एकच मुलगी बिलं बनवते, बँकेत जाते, जीएसटी भरते, पगार वाटते आणि शेठला चहाही देते, हे त्याच्या डोक्यात बसणार नाही. त्याच्यासमोर एनओसीचं, म्हणजे कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणाचं, पुस्तक आहे. त्यात 12200 म्हणजे अकाउंटिंग टेक्निशियन आणि बुककीपर, आणि 14200 म्हणजे अकाउंट्स क्लार्क. पहिला टीअर 2 मध्ये, दुसरा टीअर 4 मध्ये; टीअर म्हणजे कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पातळी. तुझ्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेला टीअर 0 ते 3 चालतं, 4 चालत नाही. म्हणजे तू पूर्ण हिशेब सांभाळत होतीस की नुसती बिलं आणि व्हाउचर करत होतीस, या एका प्रश्नावर तुझा सगळा अर्ज उभा आहे. तुझ्या अनुभवाच्या लेटरमध्ये कामाची यादी कशी आहे? एनओसीच्या साइटवरची वाक्यं, शब्द न शब्द तीच! ते लेटर कन्सल्टंटनं टाइप केलं आणि शेठनं न वाचता सही केली. ऑफिसरनं अशी शेकडो पाहिलेली असतात. काम तू खरंच केलंस, पण कागद बोलतोय दुसऱ्याच्या तोंडून. पहिली शंका तिथेच आली.

दुसरी शंका फोनची. इमिग्रेशनच्या ऑफिसातून कुणी वर्कशॉपला फोन केला, नव्यानं लागलेल्या मुलानं उचलला आणि ‘या नावाचं इथे कोणी नाही’ म्हणून ठेवून दिला. तिसरी शंका पगाराची, कारण तो रोख मिळायचा आणि बँकेत दिसत नाही.

आता खरं सांगते, अख्ख्या उत्तराचं मर्म एवढंच आहे: कॅनडा तुझ्या मनातही नव्हतं तेव्हा जो कागद तयार झाला, तो सगळ्यात वजनदार. आज घेतलेलं नवं लेटर कितीही सुंदर असो, ते आज, गरजेपोटी घेतलेलं आहे. स्थळाची चौकशी करताना मुलाकडचे काय सांगतात याकडे कोण लक्ष देतं? शेजारी आणि जुने मास्तर काय म्हणतात ते विचारतात ना, तसंच हे.

म्हणून जुनं शोध. तुझा त्या काळातला ईमेल उघड. दर महिन्याला तू फर्मच्या सीएला जीएसटीआर-1 चा डेटा पाठवायचीस, बरोबर? मार्चनंतर ट्रायल बॅलन्स पाठवायचीस, मग ते ‘सस्पेन्सला एवढी रक्कम का?’ विचारायचे आणि तू उत्तर द्यायचीस. हे मेल तारखेसकट, पूर्ण हेडरसकट पीडीएफ करून ठेव. तीन वर्षांतले सगळे नकोत, प्रत्येक वर्षातले निवडक घे. त्यातून लेजर, रिकन्सिलिएशन, ट्रायल बॅलन्स हे सगळं तुझ्या हातून गेल्याचं दिसलं पाहिजे, कारण क्लार्क आणि बुककीपरमधला फरक नेमका तिथेच आहे. ‘मी संपूर्ण वह्या ठेवत होते’ हे शंभरदा लिहिण्यापेक्षा सीएनं तुला विचारलेला एक खोचक प्रश्न आणि तुझं उत्तर जास्त बोलतं. पार्टीची नावं आणि बँक खात्यांचे आकडे मात्र काळे कर, आणि शेठची परवानगी लेखी घे. दुसऱ्याच्या धंद्याच्या वह्या आपल्या नाहीत.

त्याच सीएंकडे जा. फर्मच्या वह्यांत पगार खात्यावर तुझं नाव आहे, ते त्यांनी रिटर्न भरताना पाहिलेलं आहे. त्याचं सर्टिफिकेट मागून घे, आणि त्यावर यूडीआयएन असलाच पाहिजे. फेब्रुवारी 2019 पासून सीएच्या प्रत्येक सर्टिफिकेटला हा 18 अंकी नंबर सक्तीचा आहे, आणि तो इन्स्टिट्यूटच्या साइटवर कुणीही तपासू शकतं. कॅनडात बसलेला ऑफिसरही. उत्तरात ते एका ओळीत सांग. तपासायची सोय हातात दिली की माणूस निम्मा निवळतो.

रोख पगाराचं काय? शेठच्या फाइलमध्ये महिन्याची व्हाउचर असतील, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर तुझी सही. हजेरीचं मस्टर असेल. त्यांच्या स्पष्ट स्कॅन प्रती हव्यात, मोबाइलवर तिरके काढलेले फोटो नकोत. तू पगारातले काही पैसे दर महिन्याला आपल्या खात्यात भरायचीस, ते पासबुकात दिसतं. व्हाउचरची तारीख आणि भरण्याची तारीख शेजारी-शेजारी ठेवून एक छोटा तक्ता कर. पीएफ का नाही, हा प्रश्न त्यानं विचारलेला नाही, पण मनात येणारच. वीस माणसांखालच्या आस्थापनेला पीएफ सक्तीचा नसतो, हे लिहून टाक आणि फर्मचं गुमास्ता लायसन्स जोड, म्हणजे आकार कळेल. ते मराठीत आहे, म्हणून इंग्रजी भाषांतर लागेल. भाषांतर आपल्या घरातल्या माणसानं केलेलं चालत नाही. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं ॲफिडेव्हिटही लागतं.

आणि एक, आता घाईनं मागच्या वर्षाचं तुझं इन्कम टॅक्स रिटर्न भरून ते जोडायचं सुचवलं ना कुणीतरी? त्यावर आजची तारीख छापलेली येते. पत्र आल्यानंतर भरलेलं रिटर्न बघून ऑफिसर काय समजेल? कर लागू असेल तर कर म्हणून भर, पुरावा म्हणून पुढे करू नकोस.

फोनचं उत्तर शेठनं द्यायचं, तू नव्हे. लेटरहेडवर, स्वतःच्या भाषेत: फोन कुणी घेतला, तो कामावर कधी लागला, त्याआधी तू होतीस त्यामुळे तो तुला ओळखत नाही, आणि खातरजमेसाठी कुणाला, कोणत्या वेळी, कोणत्या नंबरवर फोन करावा. नंबर लँडलाइनचा असेल तर उत्तम, ईमेल फर्मच्या नावाचा असेल तर त्याहून उत्तम. कामाचं वर्णनही या वेळी शेठच्या शब्दांत येऊ दे: तास किती, पगार किती, तारखा कोणत्या आणि रोज काय करायचीस. ‘जॉबवर्कची चलनं आणि बिलं जुळवायची, महिन्याच्या वीस तारखेच्या आत जीएसटीच्या थ्रीबीचं काम संपवायची, कामगारांचा पगार काढायची’ अशी वाक्यं ऑफिसरला एनओसीच्या पोपटपंचीपेक्षा जास्त पटतात. शेठला पढवू नकोस हं. परत फोन आला तर त्यांनी खरं तेच सांगावं, आणि खरं सांगायला पढवावं लागत नाही.

शेठ सही द्यायला कंटाळा करतील तर तिथला जुना फोरमन आहे ना, त्याचं नोटरी केलेलं ॲफिडेव्हिट घे. सोबत त्यानं स्वतः तिथे काम केल्याचा पुरावा हवा, नाहीतर त्याची साक्ष हवेत राहते. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांतल्या मुलींनाही हेच करावं लागतं, कारण तिथलं एचआर ठरावीक नमुन्याचं पत्र देतं आणि कामाबद्दल एक ओळ लिहायला तयार नसतं. अशा वेळी एचआरचा तो नकाराचा मेलसुद्धा जोडायचा.

उत्तर लिहिताना पत्रातलं ऑफिसरचं वाक्य जसंच्या तसं घ्यायचं, त्याखाली तुझं उत्तर आणि कुठला पुरावा कितव्या पानावर आहे ते. मग पुढची शंका. दोन-तीन पानं पुरे. बाबांचं कर्ज, मुलाची शाळा, कॅनडाबद्दलचं प्रेम यातलं काही नको. त्यानं ते विचारलेलं नाही. आधीच्या लेटरमधली वाक्यं एनओसीसारखी का, यावर पळवाट काढू नकोस. लिही: यादी माझ्या सल्लागारानं एनओसी बघून तयार केली, मालकांनी सही केली, प्रत्यक्ष काम असं होतं आणि हा त्याचा पुरावा. आणि त्या यादीत तू न केलेलं एखादं काम घुसडलं असेल, तर तेही सांग. कलम 16 प्रमाणे विचारलेल्याचं खरं उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक आहे, आणि सही तुझी असल्यामुळे ‘कन्सल्टंटनं केलं’ हा बचाव फारसा टिकत नाही. एक गोष्ट कमी झाली तरी बाकीच्या कामांवर तू 12200 मध्ये बसतेस का, ते आधी प्रामाणिकपणे बघ. बसत असशील तर लपवायचं कारणच उरत नाही. बसत नसशील तर अर्ज गेला तरी चालेल, पण एका खोट्यावर दुसरं चढवू नकोस. अर्ज पुन्हा करता येतो, कलम 40 चा शिक्का पाच वर्षं पुसता येत नाही.

अर्ज मागे घेऊ का, असं विचारत होतीस. मागे घेतला म्हणून शंकेची चौकशी थांबेलच असं नाही, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ही फाइल त्यांना दिसणारच. तू खरी आहेस, तर उत्तर दे.

सगळं आत्ताच टाक, काही राखून ठेवू नकोस. पुढे नकार आला आणि फेडरल कोर्टात जायची वेळ आली, तर कोर्ट साधारणपणे ऑफिसरसमोर जे होतं तेवढंच बघतं. तिथे नवा कागद दाखवायला मिळेल या भरवशावर राहू नकोस. कोर्टात दाद मागायच्या अर्जाची मुदतही कमी असते: कॅनडात झालेल्या प्रकरणाला 15 दिवस, बाहेरच्याला 60.

फाइलवरच्या ऑफिसरच्या नोंदी, म्हणजे जीसीएमएस नोट्स, मी इथून 5 डॉलर भरून मागवते. तुझं संमतीपत्र तेवढं सही करून पाठव. पण त्या यायला महिना लागतो, कधी जास्तही, तेव्हा त्यांची वाट बघत बसू नकोस. सीए किंवा शेठ गावाला गेले म्हणून वेळ लागणार असेल, तर मुदत संपायच्या आत कारण देऊन वाढ माग. मिळेलच असं नाही. म्हणून हाताशी जे आहे त्याचं उत्तर आधी तयार ठेव.

तुझा मसुदा रविवारी मला पाठव, मी वाचते. पत्रातल्या मुदतीच्या दोन दिवस आधी अपलोड कर, आणि पोच आल्याचा स्क्रीनशॉट काढल्याशिवाय लॅपटॉप बंद करू नकोस.