विहीणबाई, फोनला हाक मारायला शिका

विहीणबाई, तुमचे अमेरिकेतले सहा महिने सुरू व्हायच्या आत हे ऐकून ठेवा. सांता क्लारात दिवसा घर रिकामं असतं. लेक-जावई दोघं ऑफिसात, नातू डेकेअरला आणि आपले हात कणकेत. फोन नेमका तेव्हाच वाजतो. तुमच्या जावयाने जो आयफोन घेऊन ठेवलाय, त्याला हात न लावता कामाला लावता येतं. पण हे पहिल्याच रविवारी त्याला शेजारी बसवून करून घ्या. सोमवारपासून तो मीटिंगमध्ये.

सेटिंग्जमध्ये सिरी, म्हणजे आयफोनमधली हाकेला ओ देणारी मदतनीस, उघडा आणि भाषा भारतीय इंग्रजी निवडा. अमेरिकन ठेवलीत तर आपले उच्चार तिच्या पचनी पडत नाहीत. मग हाक ऐकायचं बटण चालू केलं की ती तुमच्याकडून काही वाक्यं म्हणवून घेईल. ती ओट्यापाशी उभं राहून, रोजच्या आवाजात म्हणा. ठेवणीतला आवाज नको. चिमणी तेवढी बंद करा. फोन लॉक असतानाही सिरीने ऐकावं, हे बटण चालू केलंय ना, ते बघा.

खरं काम नावांचं. आपण नंबर साठवतो 'धाकटी', 'बंड्या पुणे', 'दूधवाला जुना' असे, त्यातले अर्धे देवनागरीत. इंग्रजीत कान लावून बसलेल्या सिरीला त्यातलं काय कळणार? रोज लागणारी मोजकी नावं रोमन लिपीत, एका शब्दाची करा. तरीही अडलं तर त्या नावाच्या पानावर उच्चार लिहायची वेगळी जागा मिळते, तिथे कानाला ऐकू येतं तसं लिहा. आणि लेकीचं नाव घेऊन 'ही माझी मुलगी' असं तिला एकदा इंग्रजीत सांगून ठेवा. मग 'कॉल माय डॉटर' पुरतं.

फोन ओट्यावर पालथा ठेवू नका. पालथ्या आयफोनला हाक ऐकू येत नाही, तशी त्याची रीतच आहे. बोलणं झाल्यावर कॉल बंद करण्याचा हुकूमही सिरीच्या सेटिंग्जमध्ये वेगळा चालू करावा लागतो. आलेला फोन आपोआप उचलायचीही सोय आहे, पण मी ती बंदच ठेवते. आपल्या गप्पा रंगात आल्या असताना तिसरंच कुणी ऐकत बसायचं!

व्याह्यांचा अँड्रॉइड असेल तर त्यांचं बरं आहे. गूगलचा असिस्टंट २०१८ मध्येच मराठी शिकला, नंतर आलेल्या जेमिनीलाही मराठी कळतं. सिरीची कंपनी आपल्या शेजारच्या कूपर्टिनोत, पण मी तिच्याशी इंग्रजीतच बोलते!

गाडीत जावयाच्या हातात फोन देऊ नका. चालवताना फोन हातात धरायला कॅलिफोर्नियात बंदी आहे. स्टँडवर लावून एका टिचकीत काम होत असेल तरच चालतं, हा नियम २०१७ पासूनचा. नकाशा बघायलाही हातात धरायचा नाही, असं सॅन होजेच्या अपील कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलं.

शेवटचं ९११, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर. पडलात, उठवत नाहीये, तर सिरीला 'कॉल नाइन वन वन' म्हणा. गंमत म्हणून करून बघू नका, फोन खरोखर लागतो. उचलला की आधी पत्ता सांगा. तो अपार्टमेंटच्या नंबरासकट मी फ्रीजवर चिकटवलाय. इंग्रजी सुचेना तर 'मराठी' एवढंच म्हणा आणि फोन ठेवू नका, दुभाषी जोडायला वेळ लागतो.