नाशिकचं लग्न आणि उरकलेलं नाशिक

पत्रिकेवर ‘नाशिक’ दिसलं म्हणून स्टेशनजवळचं हॉटेल घेऊ नका. स्टेशन नाशिकरोडला, जुन्या शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर. आणि लग्नांची बरीच लॉन्स गंगापूर रोडला, म्हणजे शहर ओलांडून पार पलीकडे. तुळशीचं लग्न झालं की दाट तिथीला तिथे लॉन्सला लॉन्स लागलेली असतात आणि एकेकाच्या दारात वाजतगाजत नवरदेव. कॉलेजमधल्या आमच्या दोघा मित्रमैत्रिणींच्या लग्नाला आम्ही डोंबिवलीहून टेम्पो ट्रॅव्हलर करून गेलो होतो. गोरज मुहूर्त गाठायला निघालो आणि भलत्याच नवरदेवांच्या मागे अडकलो. अक्षता हातात पडल्या तेव्हा शेवटचं मंगलाष्टक चालू होतं.

त्या दिवसाची सकाळ तर याहून वाईट. हळद लवकर आटोपली, मग मधल्या वेळात ‘नाशिक दर्शन’ उरकायचं ठरलं. (असे बेत आखणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच.) सगळे नटूनथटून रामकुंडावर. पैठण्या सावरत पायऱ्यांवर फोटो सुरू झाले, आणि जरा पलीकडे एक कुटुंब पिंड मांडून कावळ्याची वाट पाहत बसलं होतं. मुंडन केलेला मुलगा, शेजारी त्याची आई. बाई आमच्या जरीकडे बघत होत्या. रागाने नाही, नुसत्याच. एकीने मुकाट्याने सेल्फी स्टिक मिटली. रामकुंड म्हणजे अस्थिविसर्जनाची, दशक्रियेची जागा. तिथे जायचं तर आदल्या दिवशी पहाटे, साध्या कपड्यांत.

काळाराम मंदिर तिथून चालत जाण्याइतकं जवळ. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. ज्या दारासाठी माणसांनी एवढा काळ झगडा केला, तिथून आम्ही दहा मिनिटांत बाहेर! गाडी नो-पार्किंगमध्ये होती ना. या मंदिराला तासभर द्या, गाडी लांब लावून चालत या.

पांडवलेणी मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत, तेव्हा मुंबईहून गाडीने येणाऱ्यांनी शहरात शिरण्याआधीच ती पाहावीत. आम्ही ती शेवटी ठेवली. दोनेकशे पायऱ्या, हिल्स आणि नेसूची साडी! निम्मे पायथ्याशीच बसले. मी वर गेले, ते तिसऱ्या लेण्यासाठी. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख तिथे आहे. आईने मुलाचं कौतुक दगडावर कोरून ठेवलं. पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं झाली, तरी ते तिथेच आहे. लेख नीट न्याहाळायच्या आतच खालून हॉर्न सुरू झाला.

‘आलोच आहोत तर त्र्यंबकेश्वरही करू’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. अंतर तिसेक किलोमीटरचं असलं तरी दर्शनाच्या रांगेचा नेम नाही, सोमवारी तर नाहीच. येवल्याच्या पैठणीचंही तेच. येवला जिल्हा नाशिक खरा, पण शहरापासून ऐंशीएक किलोमीटर दूर.

आणि थंडी. शेजारच्या निफाडला पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तरी आपण मुंबईकर उघड्या लॉनवर बिनबाह्यांचे ब्लाउज घालून जातो. स्टेजवर भेटायची रांग तासभर हलत नाही, तेव्हा स्वेटर गाडीत न ठेवता हातात घेऊनच रांगेत उभं राहा.