परदेशी निघालेल्या मुलांची आरोग्य-शिदोरी

जून-जुलै महिने आले की बडोद्यातील आपल्या अनेक घरांतून वजनकाटा बाहेर निघतो. तेवीस किलोंच्या बॅगेत कुकर, भाजणी, गोडा मसाला आणि लोकरीचे कपडे बसवताना आईची तारांबळ उडते. या सामानाविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला त्यातील एकाच भागाविषयी लिहावयाचे आहे. तो वजनाला सर्वांत हलका, पण तयारीला सर्वांत दीर्घ आहे: मुलाच्या आरोग्याची कागदपत्रे, त्याची औषधे आणि स्वतःच्या प्रकृतीविषयीचे त्याचे ज्ञान.

लसीकरणाची नोंद

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एमएमआर लसीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. पहिली मात्रा पहिल्या वाढदिवशी वा त्यानंतर, आणि दोहोंत किमान २८ दिवसांचे अंतर, असा तेथील नियम आहे. आपली मुले अडतात ती येथेच. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गोवराची लस नवव्या महिन्यात दिली जाते. आपल्याकडील परिस्थितीत ते योग्यच आहे, परंतु ती मात्रा तेथे मोजली जात नाही. २०१७ ते २०१९ या काळातील मोहिमेत शाळाशाळांतून दिलेल्या एमआर लसीत गालगुंडाचा घटक नव्हता. त्यामुळे ‘सगळ्या लसी झाल्या आहेत’ असे खात्रीने सांगणाऱ्या पालकांच्या मुलाचीही कागदावर एकच ग्राह्य मात्रा उरते.

धनुर्वाताच्या लसीचेही तसेच. दहाव्या व सोळाव्या वर्षी दिलेले टीटी हे टीडॅपची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यात घटसर्प व डांग्या खोकल्याचे घटक नसतात. कांजिण्या, हिपॅटायटिस बी आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी मेनिंगोकॉकल एसीडब्ल्यूवाय या लसींचीही अनेक ठिकाणी मागणी असते. दाटीवाटीच्या निवासात मेनिंगोकॉकसचा प्रसार सहज होतो आणि आजार काही तासांत प्राणावर बेतू शकतो. ही लस म्हणजे केवळ एक औपचारिकता, असे कोणी समजू नये.

जुने कार्ड हरवले असल्यास लस पुन्हा द्यावी, किंवा विद्यापीठास चालत असल्यास रक्तातील प्रतिपिंडे तपासावीत. निरोगी मुलास एमएमआरची एक मात्रा अधिक झाल्याने अपाय होत नाही. गुजराती लिपीतील कार्ड तेथील आरोग्यकेंद्रास वाचता येणार नाही, म्हणून मूळ नोंदींवरून इंग्रजीत, तारीखवार, सही-शिक्क्यानिशी नवे प्रमाणपत्र करून द्यावे. स्नेह्यांकडून कधीकधी ‘तेवढी एक तारीख घालून द्या’ असा आग्रह होतो. समव्यावसायिक मित्रांना माझी विनंती आहे की, अशा वेळी नम्रपणे नकार द्यावा. खोट्या तारखेने अर्ज पुढे सरकतो, पण मूल मात्र असुरक्षित राहते.

क्षयरोगाची तपासणी

सहा महिन्यांहून अधिक काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास व्हिसापूर्वी मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे मँटू अथवा रक्ताची इग्रा चाचणी मागतात. बीसीजी घेतलेल्यांत मँटू चाचणी क्षयजंतूचा संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून तेथे इग्रा श्रेयस्कर. एमएमआर व कांजिण्यांची लस एकाच दिवशी द्यावी, अन्यथा दोहोंत चार आठवडे जाऊ द्यावेत. क्षयाची चाचणीही याच लसींच्या दिवशी वा चार आठवड्यांनंतर करावी. हा हिशेब मांडला म्हणजे तयारी निदान तीन महिने आधी का सुरू करावी, हे सहज कळते.

औषधांची पिशवी

नियमित औषधे साधारणतः तीन महिन्यांपुरती, मूळ वेष्टणात, प्रिस्क्रिप्शनसह आणि हातातील बॅगेत असावीत. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कदापि ठेवू नये, विमानाच्या सामानकक्षात ते गोठण्याची शक्यता असते. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचे जेनेरिक नाव लिहावे, कारण आपल्या कंपनीचे नाव तेथे कोणास उमजणार नाही. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणून मिळते आणि साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल म्हणून. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध बॅगेत नको. जपानला जाणाऱ्यांनी सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनही तपासावे, त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असल्यास तेथे बंदी आहे. ‘असू द्याव्यात’ म्हणून अँटिबायोटिकच्या पट्ट्या देण्याचा मोह टाळावा. दातांची कामे मात्र येथेच उरकावीत, कारण विद्यार्थ्यांच्या विम्यात तो खर्च बहुधा धरलेला नसतो. चष्म्याची दुसरी जोडीही सोबत असावी.

ज्ञानाचे हस्तांतर

दीड वर्षाचा असल्यापासून माझ्याकडे येणारा एक दमेकरी मुलगा टोरांटोस निघण्यापूर्वी भेटावयास आला होता. ‘तू रोज कोणता इन्हेलर घेतोस?’ असे मी विचारताच त्याने आईकडे पाहिले. आईने दोन्ही इन्हेलरांची नावे, मात्रा, मागच्या तीव्र झटक्याची तारीखही सांगितली. मुलाला ठाऊक होता तो फक्त निळा, म्हणजे झटका आल्यावर घेण्याचा. रोज घ्यावयाचा, झटका टाळणारा इन्हेलर आई पाण्याच्या पेल्यासोबत त्याच्या हातात देत असे. कॅनडाच्या थंडीत त्याला खरा आधार त्याचाच होता आणि तेथे तो हातात देणारे कोणी नव्हते. त्या दिवशी आईला बाहेर बसवून आम्ही दोघांनी तासभर उजळणी केली.

अशा मुलांत डॉक्टरांची मुले अग्रभागी असतात. घरातच औषधोपचार होत असल्याने त्यांची फाईलच नसते. सारा इतिहास आई-वडिलांच्या डोक्यात. दिव्याखाली अंधार तो हाच. शिवाय अठरा वर्षे पूर्ण झाली की तेथील डॉक्टर मुलाच्या संमतीवाचून पालकांशी बोलत नाहीत, मग पालक स्वतः डॉक्टर का असेनात.

म्हणून माझी सूचना एवढीच: निघण्यापूर्वीच्या शेवटच्या भेटीत मुलाला एकट्याला आत बोलवावे. आपला आजार, औषधाचे जेनेरिक नाव व मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि कोणत्या लक्षणांवर विलंब न लावता रुग्णालय गाठावयाचे, हे त्याने स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत सांगावे. आपत्कालीन क्रमांकही पाठ असावा: अमेरिका व कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, युरोपीय संघात ११२. ज्याला हे न अडखळता सांगता आले, त्याची तयारी पूर्ण झाली असे समजावे. भाजणी संपली तर पार्सलने पाठवता येते. हे ज्ञान त्याने सोबतच न्यावयास हवे.